म्हातारा कुत्रा दत्तक घेताय? घराच्या तयारीपासून शेवटच्या निर्णयापर्यंत

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही प्राणी-निवाऱ्यात जा, पिल्लांपाशी गर्दी असते. मागच्या बाजूला, तोंडावरचे केस पांढरे झालेले लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग आणि वर्षानुवर्षं एखाद्या सोसायटीच्या गेटवर राहिलेले गावठी कुत्रे पडून असतात. कुणाचे मालक परदेशी गेले, कुणाचे वारले, कुणाकडून ब्रीडरला आणखी पिल्लं मिळेनात. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये! त्याला कोण भितं?

असा कुत्रा घरी आणायचं तुम्ही ठरवलं असेल तर एका वाक्यापासून सावध राहा: "आता वय झालं त्याचं." तो जिना चढायला कुरकुरतो, वय झालं. पाणी जास्त पितो, वय झालं. रात्री उगाच उठून फिरतो, हात लावला की गुरगुरतो, वय झालं. यातल्या बहुतेक गोष्टींमागे एखादा नाव असलेला आजार असतो. त्यातले बरेचसे बरे होतात किंवा निदान आटोक्यात राहतात. पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आणण्याआधी

म्हातारा म्हणजे किती वर्षांचा, हे अंगकाठीवर ठरतं. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड पाच-सहा वर्षांतच उताराला लागतात. लॅब्रॅडॉर, शेफर्ड सात-आठच्या सुमारास. पग, पॉमेरेनियन, डॅशहुंड अशी छोटी मंडळी आणि आपले गावठी कुत्रे दहापर्यंत टुणटुणीत असू शकतात. निवाऱ्यात सांगितलेलं वय हा बहुधा दात बघून केलेला अंदाज असतो, दोन वर्षं इकडेतिकडे धरून चाला.

निवाऱ्यातल्या माणसांना नेमके प्रश्न विचारा. नसबंदी झाली आहे का? शेवटचं रेबीजचं इंजेक्शन कधी? फिट आली होती का? गोचीडताप होऊन गेलाय का? सध्या खातो काय, आणि किती वाजता? रोज त्याला खायला घालणाऱ्या मावशींशी किंवा काकांशी बोला. फाइलीत नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असतं: हा पुरुषांना घाबरतो, हिला मांजर बघवत नाही, याला पाठीवर हात लावलेला चालत नाही. शेवटची गोष्ट स्वभाव म्हणून लिहून घेऊ नका. पाठ दुखत असेल.

मग स्वतःला विचारा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता आणि तीस किलोचा लॅब आणताय, तर त्याचे पाय थकल्यावर उचलणार कोण? घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा असतील तर मोठा, ओढणारा कुत्रा त्यांना पाडू शकतो. त्यांच्याशी शांत स्वभावाच्या, आठ-दहा किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं मात्र सुंदर जमतं. दोघांनाही दुपारी झोपायचंच असतं.

पैशाचंही बोलूया. बहुतेक विमा कंपन्या ठरावीक वयापुढच्या कुत्र्याचा नवा विमा काढत नाहीत, आणि काढला तरी आधीचे आजार त्यात धरत नाहीत. दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकून "कुत्र्याचं खातं" वेगळं ठेवणं जास्त उपयोगी. पहिल्याच महिन्यात तपासण्यांवर बऱ्यापैकी खर्च होतो, तो गृहीत धरा.

सोसायटीत कुणी आडकाठी केली तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत सचिवांना द्या. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्या बाजूने महापालिकेचा परवाना काढा आणि रेबीजच्या लसीचा दाखला फाइलला लावून ठेवा. शी उचलायची पिशवी खिशात असली की निम्मी भांडणं होतच नाहीत.

घर तयार करणं म्हणजे आधी फरशी

आपल्याकडची घरं म्हाताऱ्या कुत्र्याला एका गोष्टीमुळे त्रास देतात, ती म्हणजे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. मागचे पाय फाकतात, उठताना घसरतात. दोन-तीनदा पडलं की कुत्रा पाण्याच्या भांड्यापर्यंत जायचंही टाळू लागतो. घरच्यांना वाटतं आळशी झाला.

त्याच्या रोजच्या वाटा बघा: झोपायची जागा, पाणी, दार, बाल्कनी. तेवढ्या वाटांवर घसरणार नाही असं काहीतरी अंथरा. जुन्या योगा मॅट उत्तम. सतरंजी किंवा चटई नुसती टाकू नका, ती स्वतःच सरकते. खाली रबरी जाळी घाला. पायाची नखं वाढलेली असतील तर पंजा फरशीवर नीट टेकतच नाही, म्हणून नखं आणि पंजाच्या गादीमधले केस नियमित कापा. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, थोडं थोडंच कापा किंवा डॉक्टरांकडून करून घ्या.

अंथरुणासाठी महागड्या परदेशी बेडची गरज नाही. गादीवाल्याकडे जाऊन चार इंच जाडीचा, दाबला तरी तळाला न टेकणारा फोम कापून आणा, त्यावर रेक्झिनची खोळ आणि वर जुनी गोधडी. रेक्झिनमुळे लघवी आत मुरत नाही आणि गोधडी धुता येते. नुसत्या फरशीवर झोपणाऱ्या वजनदार कुत्र्याच्या कोपरांना जाड घट्टे पडतात, कधी त्यात जखमाही होतात. उन्हाळ्यात तो बेड सोडून फरशीवर जाईल, जाऊ द्या. दोन्ही सोयी हव्यात.

पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. सोफ्यावर चढायची सवय असेल तर पायरी किंवा उतरण करून द्या, कारण उडी मारून उतरताना पुढच्या पायांवर जोराचा भार येतो. जिना चढवताना पोटाखालून रुंद टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरली की मागच्या पायांचा भार हलका होतो. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढत चढवणं पूर्ण बंद. छातीभोवतीचा हार्नेस घ्या.

पहिले काही दिवस

निवाऱ्यातले लोक तीन-तीन-तीनचा ढोबळ नियम सांगतात. तीन दिवस बावरलेपण, तीन आठवडे घराची रीत समजायला, तीन महिने घर आपलं वाटायला. म्हाताऱ्या कुत्र्याला, विशेषतः एकाच घरात आयुष्य काढून बाहेर पडलेल्याला, याहून जास्त वेळ लागू शकतो. काही जण पहिला आठवडा दाराकडे तोंड करून बसतात. त्यांना उगाच कुरवाळत बसू नका, जवळ आपलं काम करत बसा.

पहिल्या दिवशी आंघोळ नको, नातेवाइकांना बोलावणं नको, सोसायटीभर ओळख परेड तर मुळीच नको. निवाऱ्यात जे खात होता तेच पहिले काही दिवस द्या. गळ्यात नाव आणि फोन नंबर असलेला बिल्ला घरात शिरण्यापूर्वीच बांधा. नवीन कुत्रे सर्वाधिक हरवतात ते याच दिवसांत, उघड्या दारातून. शक्य असेल तर डॉक्टरांकडून मायक्रोचिप बसवून घ्या आणि आपला नंबर नोंदवला गेला याची खात्री करा.

झोपेत असताना हात लावू नका, लहान मुलांना तर हे बजावूनच ठेवा. ऐकू कमी येणारा कुत्रा दचकून चावू शकतो. आधी नावाने हाक, नाही उठला तर अंथरुणाशेजारी जमिनीवर हलकी थाप.

घरात आधीचा कुत्रा असेल तर पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही साखळीत धरून, एकाच दिशेने चालत करा. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. तरुण कुत्र्याने सतत अंगावर उड्या मारून म्हाताऱ्याला हैराण करू नये, हे बघणं तुमचं काम आहे. तो गुरगुरला तर त्याला रागावू नका. सभ्यपणे "पुरे" म्हणायची त्याच्याकडे तेवढीच सोय आहे.

पहिली तपासणी: काय काय करून घ्यायचं

आल्यापासून आठवड्याभरात डॉक्टरांकडे न्या. वरवर बघून "म्हातारा आहे, टॉनिक द्या" असं सांगणारे डॉक्टर असतील तर दुसरे शोधा. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय जुनं आणि परवडणारं आहे. तिथे रांगेची तयारी ठेवून जा.

रक्ताची संपूर्ण तपासणी हवीच: पेशींची मोजणी, यकृत, मूत्रपिंड, साखर. तिच्याबरोबर लघवीची तपासणीही आग्रहाने मागा, कारण ती बहुतेक वेळा राहून जाते. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. लघवी पातळ होऊ लागणं हे त्याच्या आधी कळतं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून न्यायची. मागून पळीला डबी बांधून धरली की जमतं, शेजारी हसतात, हसू द्या.

गोचीडताप आपल्याकडे इतका सर्रास आहे की तो नाही असं गृहीत धरू नका. गोचिडीच्या चाव्यातून अंगात शिरणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे त्याचे दोन मुख्य जंतू. एर्लिकिया महिनोन्‌महिने, कधी वर्षंही अंगात दबून राहतो. भूक मंदावते, प्लेटलेट कमी राहतात, एखाद्या दिवशी नाकातून रक्त येतं. झटपट किटवर एर्लिकिया आणि हृदयातले जंत कळतात, पण बबेसियासाठी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते किंवा पीसीआर करावी लागते. एक चाचणी निगेटिव्ह आली म्हणून दुसरी विसरू नका. गोचीड टाळायला महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या गोळ्या मिळतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर त्या देण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोठ्यात गुरांना देतात ते जंत-गोचिडीवरचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नका.

नसबंदी न झालेली मादी असेल तर गर्भाशयाची सोनोग्राफी करूनच घ्या. माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजार म्हाताऱ्या माद्यांना फार होतो. पाणी जास्त पिणं, जेवण सोडणं, कधी मागून स्राव, कधी काहीच नाही. उशीर झाला तर जीव जातो, वेळेत शस्त्रक्रिया झाली तर कुत्री चार-आठ दिवसांत शेपूट हलवत घरभर फिरते. तिचे सगळे स्तनही बोटांनी चाचपून गाठी बघायला सांगा. नराच्या बाबतीत वृषण, प्रोस्टेट आणि गुदद्वाराजवळच्या गाठी बघाव्या लागतात. रस्त्यावर आयुष्य गेलेल्यांत जननेंद्रियावरची संसर्गजन्य गाठ आढळते. दिसायला भयंकर, पण ठरावीक आठवडे इंजेक्शनं दिली की बहुधा पूर्ण जाते.

लॅब, गोल्डन, डॉबरमन सुस्त झाला, कमी खाऊनही जाड होतोय, शेपटीचे केस गेलेत, तर थायरॉइड तपासा. रोजच्या स्वस्त गोळीवर असा कुत्रा काही आठवड्यांत पुन्हा दाराशी पट्टा घेऊन उभा राहतो. "वय झालं" म्हणून किती जण असेच पडून राहत असतील!

भूल देण्याला लोक फार घाबरतात. वय हा स्वतः आजार नाही. आधी रक्त, हृदय आणि गरज पडल्यास छातीचा एक्स-रे बघून, भुलीदरम्यान नीट लक्ष ठेवणाऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया करून घेता येते. किडलेल्या दातांचा पू पोटात जात राहणं जास्त घातक. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला वास येतो तो हिरड्यांच्या आजाराचा. भुलीखाली एकदा स्वच्छता करून घ्या आणि मग घरी कुत्र्यांच्या टूथपेस्टने घासत राहा. माणसांची नको, काहींत गोडव्यासाठी झायलिटॉल घातलेलं असतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी. रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखांना, आणि पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची राहिली नाही ना ते बघा.

दुखतंय हे तो सांगणार नाही

सांधेदुखी असलेला कुत्रा विव्हळत नाही. सतत, महिनोन्‌महिने दुखत असेल तर तर नाहीच. तो फक्त हळूहळू कमी करत जातो. आधी सोफा सोडतो, मग फिरताना परतीची वाट लवकर धरतो, मग पाहुणे आले तरी उठत नाही. बसताना आधी पुढचा भाग, थांबून मग मागचा, असं टप्प्याटप्प्याने खाली जातो. मनगट चाटत राहतो. मागच्या मांड्या बारीक होतात. शी करायला वाकल्यावर पाय थरथरतात, म्हणून अर्धवट करून चालू पडतो. रात्री कूस बदलत राहतो.

दवाखान्यात मात्र हेच महाशय भीतीने टवटवीत होऊन ताठ चालतात. म्हणून मोबाइलवर घरचा व्हिडिओ काढून न्या: झोपेतून उठताना, जिना चढताना, बाजूने आणि मागून चालताना. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो.

औषधाबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत: क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, व्होवेरान यातलं काहीही घरच्या डब्यातून देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटामॉल यकृताला मारतं. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम अशी औषधं आहेत, पण तीही रक्ततपासणी करून, वजनावर मोजून आणि जेवणानंतर द्यायची. ती चालू असताना स्टिरॉइड द्यायचं नाही. उलटी, काळी शी किंवा भूक जाणं दिसलं की गोळी थांबवून फोन करायचा. गोळ्या बऱ्याच दिवस चालणार असतील तर मधून मधून पुन्हा रक्त तपासा.

गोळीच्या बरोबरीने काम करतं ते वजन. जाड लॅबचं थोडं वजन उतरलं तरी चालण्यात फरक दिसतो. बरगड्यांवर हात फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. फिशऑइलमधल्या ओमेगा-३चा सांध्यांना उपयोग होतो, मात्रा डॉक्टरांना विचारा. ग्लुकोसामाइनच्या डब्यांवर लोक भरपूर पैसे घालवतात. माझ्या मते तेच पैसे फिजिओथेरपीवर घालावेत. मुंबई-पुण्यात आता कुत्र्यांना पाण्यात चालवून व्यायाम देणारी केंद्रं आहेत, आणि सांध्यांवर भार न टाकता मांड्या भरायला ते फार चांगलं.

खाणं

दूध-पोळीवर वाढलेले म्हातारे कुत्रे आपल्याकडे पुष्कळ. आल्या आल्या त्याची पोळी बंद करू नका, सात ते दहा दिवसांत हळूहळू नव्या अन्नाचं प्रमाण वाढवा. पण पोळी हे पोटभर जेवण नव्हे. उतारवयात स्नायू झिजतात, त्यामुळे निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी करायची नसतात, उलट ती चांगल्या प्रतीची हवीत. "म्हातारा झाला, चिकन बंद, वरणभात द्या" हा सल्ला चुकीचा आहे. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा अन्नातलं फॉस्फरस कमी करावं लागतं आणि त्यासाठीचा आहार डॉक्टरच ठरवतील.

किती द्यायचं? २५ किलोच्या, नसबंदी झालेल्या, बेताने फिरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९५० ते १,१०० कॅलरी पुरतात. तयार खाद्याच्या पिशवीवरचे आकडे बहुधा सढळ असतात. वाटीने नको, वजनकाट्यावर मोजा. दर दोन आठवड्यांनी कुत्र्याचं वजन करून कमी-जास्त करा. घरी काटा असेल तर त्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा.

घरचं खाणं घालायचं असेल तर उकडलेलं चिकन किंवा अंडी, भात, दुधी, लाल भोपळा, गाजर हे पोटाला मानवतं. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम अगदी कमी असतं, ते आणि बाकीची पूरकं डॉक्टरांना विचारून घालावीच लागतात. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, ती टोकदार तुटतात. दुधाने जुलाब होत असतील तर थोडं दही चालतं.

कांदा, लसूण, चॉकलेट नको हे बहुतेकांना माहीत असतं. द्राक्षं आणि बेदाणे मात्र राहून जातात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कुत्र्याला प्रेमाने भरवला जातो आणि त्यातले बेदाणे काही कुत्र्यांचं मूत्रपिंड निकामी करतात. कोणाला किती बाधेल याचा नेम नाही, म्हणून एकही नको. खाल्लेच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

पाण्यावर लक्ष ठेवा. सकाळी मोजून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याने दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी प्यायलं तर मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) किंवा वर सांगितलेला गर्भाशयाचा पू, यापैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी. पाणी कमी करणं हा उपाय नाही. भांडं कधीही रिकामं ठेवू नका.

फिरणं आणि डोक्याला काम

एक लांब फेरी मोडून तीन-चार छोट्या करा. अंतर त्याला ठरवू द्या. वास घेत एकाच झुडपापाशी पाच मिनिटं उभा राहिला तरी ओढू नका, त्याच्यासाठी फिरण्यातला मोठा भाग तोच आहे. रविवारी सिंहगड आणि आठवडाभर काहीच नाही, हा प्रकार सांध्यांना सगळ्यात वाईट. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावा. म्हातारे कुत्रे नवीन गोष्टी शिकतात, आणि आनंदाने शिकतात. हाताच्या खुणा आत्ताच शिकवून ठेवा, ऐकू येईनासं झालं की कामाला येतील.

डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसला की लोक मोतीबिंदू म्हणतात. बऱ्याचदा ते भिंगाचं वयानुसार घट्ट होणं असतं आणि कुत्र्याला त्यातून बरंच दिसतं. पांढरा, अपारदर्शक डाग हा मोतीबिंदू. एकाएकी आंधळा झाला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. दिसेनासं झालेल्या कुत्र्याच्या घरात फर्निचर हलवू नका आणि चपला वाटेत टाकू नका, तेवढ्यावर तो घर पाठ करतो.

रात्री येरझाऱ्या घालणं, कोपऱ्यात जाऊन अडकणं, भिंतीकडे बघत राहणं, घरातच लघवी करणं, ओळखीच्या माणसाला अनोळखी समजणं ही मेंदूच्या झिजेची लक्षणं असू शकतात. पण आधी सांधेदुखी, मूत्रमार्गाचा त्रास आणि रक्तदाब तपासून घ्या, कारण तेही रात्रीच छळतात. निदान मेंदूच्या झिजेचंच ठरलं तर दिवसाचं वेळापत्रक पक्कं ठेवणं, झोपण्यापूर्वी एक फेरी, मंद दिवा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांनी रात्री बऱ्याच शांत होतात. नसबंदी झालेल्या काही माद्यांना झोपेत लघवी गळते, त्यावरही साधं औषध आहे. यावरून ओरडणं म्हणजे शुद्ध क्रूरपणा.

ऊन, पाऊस, फटाके

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचेही पंजे भाजतात. चपट्या नाकाचे पग आणि ज्यांचा आवाज बदलून श्वास घरघरतो असे म्हातारे लॅब यांना उष्माघात पटकन होतो. लॅबच्या बाबतीत तो घशाच्या स्नायूंचा आजार असू शकतो, हिवाळ्यातच दाखवून ठेवा. उष्माघात वाटला तर साधं गार पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि तसेच निघा. बर्फ नको.

पावसाळ्यात बोटांमधली जागा रोज कोरडी पुसा, साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. दमट हवेत सांधे जास्त आखडतात, म्हणून बाहेर पडण्याआधी घरात दोन मिनिटं चालवून घ्या.

दिवाळीची तयारी दसऱ्यालाच करा. डॉक्टरांकडून भीती कमी करणारं औषध घेऊन एखाद्या शांत दिवशी मात्रा तपासून बघा. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने कुत्रा हलत नाही, पण भीती तशीच राहते. हा फरक डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पूर्वी न घाबरणारा कुत्रा म्हातारपणी आवाजांना घाबरू लागला तर अंगात कुठेतरी दुखत असण्याची शक्यता तपासा.

लगेच निघायचं केव्हा

- पोट फुगलंय, उलटी काढायचा प्रयत्न करतो पण काही येत नाही. मोठ्या जातींत पोटाला पीळ पडतो, काही तासांचाच वेळ असतो.
- एकदम कोसळला आणि हिरड्या पांढऱ्या पडल्यात. प्लीहेवरची गाठ फुटून आत रक्तस्राव होत असू शकतो.
- शांत झोपेत श्वास मिनिटाला सतत ३०च्या वर. हृदयाचा आजार असेल तर ही मोजणी रोज करा.
- फिट पाच मिनिटांहून लांबली, किंवा लागोपाठ आल्या.
- लघवीला बसतो, जोर करतो, थेंबही येत नाही.

रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि तिथवर गाडी कोण नेणार, हे आधीच ठरवून फ्रीजवर लिहून ठेवा. रिक्षावाले मोठ्या कुत्र्याला नाही म्हणतात.

शेवटचा निर्णय

दत्तक घेतानाच हे ठाऊक असतं, तरी कुणी त्यावर बोलत नाही. तो चांगला असतानाच त्याच्या आवडीच्या चार-पाच गोष्टी कागदावर लिहा: गेटपर्यंत जाणं, अंडं, मुलगा कॉलेजातून आला की दाराशी येणं, असं काहीही. कॅलेंडरवर रोज बऱ्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईट दिवसाला फुली करा. मन दोन्हीकडे ओढतं, कॅलेंडर तसं करत नाही. फुल्या जास्त झाल्या आणि यादीतल्या बहुतेक गोष्टी गेल्या की डॉक्टरांशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. "आपोआप झोपेत जाईल" अशी आशा सगळेच करतात, तसं क्वचित घडतं. बहुतेक वेळा उपासमार आणि धाप यांतून जावं लागतं.

आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, मग शेवटचं. बरेच डॉक्टर घरी येतात. डोळे उघडेच राहतात आणि नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसू शकतं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे कुणी घाबरणार नाही. मोठ्या शहरांत प्राण्यांसाठी दाहिनीची सोय असते, नंबर आधी मिळवून ठेवा. गावाकडे शेतात पुरणार असाल तर विहिरीपासून लांब आणि किमान चार फूट खोल खड्डा घ्या, कारण इंजेक्शनचं औषध देहात राहतं आणि तो उकरून खाणाऱ्या कोल्ह्या-गिधाडांना मारतं.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला देहाजवळ जाऊन वास घेऊ द्या, नाहीतर काही जण दिवसेंदिवस दाराशी वाट बघत राहतात. महापालिकेचा परवाना आणि मायक्रोचिपची नोंद बंद करा. उरलेली, मुदत न संपलेली औषधं, हार्नेस आणि फोमची गादी निवाऱ्यात नेऊन द्या. तिथे मागच्या बाजूला त्याच मापाचं कुणीतरी असतंच.